इंडिकेटर धावतो तेव्हा

जुलैतल्या एका संध्याकाळी आंबा घाटात माझ्या गाडीचं मागचं चाक बसलं. धुकं इतकं दाट होतं की बॉनेटच्या पुढचा रस्ता दिसत नव्हता. गाडी डोंगराच्या बाजूला घेतली, चारी इंडिकेटर लावले आणि मदतीची वाट बघत उभी राहिले. साखरप्याकडून आलेल्या एका टेंपोवाल्याने हात लावला, पण चाकाचे नट गंजलेले. पाऊण तास गेला. बसलेलं चाक डिक्कीत टाकताना वास आला, जळक्या प्लास्टिकचा. उजव्या टेल लॅम्पच्या मागचं लायनिंग मऊ पडून आत झुकलं होतं. ते बाजूला सारताना बोटभर लांबीच्या एका सोनेरी पट्टीला हात लागला आणि चटका बसला.

ती पट्टी माझ्या मुलाने बसवली होती. पाडव्याला त्याने हौसेने मागच्या दोन इंडिकेटरांचे बल्ब काढून एलईडी टाकल्या. दुसऱ्या दिवशी कॉलेजला निघाले, वळणावर इंडिकेटर दिला, तर नेहमीच्या संथ टिकटिकीच्या जागी घाईघाईची टकटक. घड्याळ लावून मोजलं. पंधरा सेकंदांत ४२ वेळा, म्हणजे मिनिटाला १६८. त्यावरचा इलाज म्हणून ही पट्टी, म्हणजे रेझिस्टर, आली. टिकटिक पुन्हा संथ झाली आणि मी तो विषय विसरून गेले.

माझा मोठा भाऊ कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात पस्तीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो. मुलगा इलेक्ट्रॉनिक्स शिकून नोकरीला लागला आहे. घाटातल्या प्रकारानंतरच्या रविवारी गाडी गॅरेजात उभी राहिली आणि मामा-भाच्याचं बोलणं सुरू झालं. सकाळी दहाला सुरू झालेलं ते बोलणं जेवायला हाका येईपर्यंत चाललं. मी शेजारी स्टुलावर बसून होते. एलईडी टाकल्यावर इंडिकेटर धावायला लागतो हा अनुभव आता पुष्कळांना आला आहे, आणि त्यावर सर्रास सुचवला जाणारा सोपा उपाय मला आता धोक्याचा वाटतो. म्हणून हे बोलणं लिहून ठेवते आहे.

मामा : आधी एवढं सांग. एलईडी टाकलीस, इंडिकेटर धावायला लागला. त्यावरून तू काय ओळखलंस?

भाचा : पहिल्यांदा वाटलं, इंडिकेटर लुकलुकवणारा फ्लॅशर गेला. पण चारी इंडिकेटर लावले की लय बरोबर यायची. फक्त डावा किंवा फक्त उजवा दिला की धावायचा. मग हिशेब मांडला. एका बाजूला पुढे २१ वॅटचा बल्ब, मागे २१ चा आणि फेंडरवरचा बारका ५ वॅटचा. मिळून ४७. मागे एलईडी आली ती साधारण ३ वॅटची, म्हणजे उरले २९. फ्लॅशरला वाटलं एक बल्ब उडाला. चारी लावल्यावर दोन्ही बाजूंचं मिळून ५८ वॅट होतात, तेव्हा त्याला वाटतं सगळं ठीक आहे.

मामा : हिशेब बरोबर आहे. पण नुसता दिवा पेटवायचा-विझवायचा असता तर फ्लॅशरने लोड मोजायची गरजच नव्हती. मोजतो कशाला, ते सांग की.

भाचा : त्याची रचनाच तशी आहे. आत अगदी कमी रोधाचा तारेचा एक तुकडा असतो, त्याला शंट म्हणतात. दिव्यांकडे जाणारा सगळा करंट त्यातून जातो. त्या तुकड्यावर जे बारीकसं व्होल्टेज पडतं ते चिप बघते. ठरलेल्या रेषेच्या खाली गेलं की ती लय दुपटीच्या आसपास वाढवते.

मामा : तुझे आजोबा रात्री घरात झोपलेले असायचे आणि मळ्यात मोटार चालू असायची. विहिरीचं पाणी तुटलं की मोटारीचा आवाज हलका व्हायचा. हे अंथरुणातून उठून बसायचे. बॅटरी घ्यायचे आणि तडक मळ्यात. फ्लॅशरचंही तसंच आहे. लोड हलका झाला की तो आवाज बदलतो, म्हणजे ड्रायव्हरनं उठावं.

वडिलांची ती आठवण मलाही आहे. त्या हलक्या आवाजाने आई आधी जागी व्हायची, हेही आठवतं. मी विचारलं, "म्हणजे ही टकटक कंपनीने मुद्दाम ठेवलेली असते?"

मुद्दामच. गाडीच्या दिव्यांसाठी संयुक्त राष्ट्रांची जी नियमावली आहे, तिच्या ४८ व्या क्रमांकाच्या नियमात हे आहे. पुढचा किंवा मागचा इंडिकेटर बंद पडला, तर डॅशबोर्डवरचा हिरवा बाण विझला पाहिजे, न लुकलुकता तसाच पेटून राहिला पाहिजे किंवा त्याची लय ठळकपणे बदलली पाहिजे. ड्रायव्हरला स्वतःच्या गाडीचा मागचा दिवा दिसत नाही, म्हणून ही सोय. लुकलुकण्याचा वेगही ठरलेला आहे. आपल्याकडच्या केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे तो मिनिटाला ६० ते १२० च्या मध्ये हवा. माझी गाडी १६८ वर पळत होती.

मामा : मी कामाला लागलो तेव्हा पत्र्याच्या डबीतले फ्लॅशर असायचे. आतली पट्टी करंटनं तापायची, वाकायची, संपर्क तुटायचा. गार झाली की परत जुळायची. त्यात चिप नाही, काही नाही. तसल्या फ्लॅशरवर एलईडी लावलीस तर पट्टी तापतच नाही. दिवा पेटतो आणि तसाच राहतो. लोक म्हणायचे एलईडी खराब निघाली.

भाचा : म्हणूनच तर रेझिस्टर लावला मी. एलईडी कमी करंट घेते ना, मग बाकीचा करंट रेझिस्टर घेईल. ६ ओहम, ५० वॅटचा. एलईडीला समांतर जोडला, सिरीजमध्ये नाही. जोडणीत चूक नव्हती मामा.

मामा : जोडणी बरोबरच होती. आता मोजू या.

दादाने डॅशबोर्डच्या खालून फ्लॅशर ओढून काढला. त्याच्या सॉकेटला तीन खाचा. बी म्हणजे बॅटरीकडून येणारी, एल म्हणजे दिव्यांकडे जाणारी आणि ई म्हणजे अर्थिंग. लुकलुकता करंट मीटरवर धड वाचता येत नाही, म्हणून त्याने बी आणि एल यांच्यामध्ये मीटर जोडला. इंजिन चालू करून बॅटरीवर १३.९ व्होल्ट आहेत याची खात्री केली आणि मला उजवा इंडिकेटर द्यायला सांगितलं. दिवे न लुकलुकता स्थिर पेटले. कंपनीचे बल्ब असताना एका बाजूला सव्वाचार अँपिअरच्या आत करंट होता. मागे एलईडी टाकून रेझिस्टर काढला, तर अडीच. एलईडी आणि रेझिस्टर दोन्ही, तर पावणेपाचच्या वर.

मुलाने तो आकडा दोनदा वाचला.

मामा : एलईडी कशाला टाकली होतीस? वीज वाचते म्हणून ना?

भाचा : डबीवर तसंच लिहिलं होतं. पण खरं सांगू, वीज वाचावी म्हणून नाही टाकली. इंडिकेटर दिवसातून चालतो किती? तेवढ्याने बॅटरीला काही फरक पडत नाही, हे मला माहीत आहे. पण मूळ बल्बपेक्षा जास्त करंट जाईल, हे मी मोजलं नव्हतं.

मामा : आता उष्णता सांग. तुझा विषय आहे.

भाचा : १३.९ चा वर्ग भागिले ६. साधारण ३२ वॅट. दिवा निम्मा वेळ पेटतो, म्हणजे सरासरी १६.

मामा : ही माझी सोल्डरिंगची इस्त्री. २५ वॅटची आहे. हिनं मी शिसं वितळवतो. तू त्याच्या निम्म्याहून जास्त उष्णतेची वस्तू घेतलीस, प्लास्टिकच्या टायनं वायरिंगच्या जुडग्याला बांधलीस आणि लायनिंगच्या आत कोंडलीस. चौकात वळताना दहा-पंधरा वेळा लुकलुकून बंद होते, म्हणून तीन महिने काही झालं नाही. पाऊण तास चारी लावून उभं राहायची वेळ आली आणि सगळं बाहेर पडलं.

इथे मुलगा गप्प बसला नाही, आणि त्याचा मुद्दा खोटा नव्हता.

भाचा : मामा, बल्बसुद्धा तेवढीच उष्णता टाकतो. २१ वॅटचा बल्ब १३.९ व्होल्टला पंचवीसच्या पुढे जातो. त्याने का नाही वितळत काही?

मामा : कारण त्याचं घर त्याच्यासाठी बांधलंय. होल्डर तापमान सोसणारा, आत मोकळी हवा, मागे रिफ्लेक्टर, आणि निम्मी-अर्धी उष्णता काचेतून बाहेर निघून जाते. तुझ्या पट्टीच्या अंगावर दोन भोकं आहेत बघ. ती कशाला आहेत?

भाचा : पत्र्याला स्क्रूने घट्ट बसवायला. ५० वॅट हा आकडा पत्र्यावर बसवल्यावरचा असतो. हवेत लोंबता ठेवला तर तो त्याच्या निम्मंही सोसत नाही. हे पुस्तकात होतं, आणि मी केलं नाही. चूक माझी.

मामा : चूक कबूल केलीस, झालं. पण पत्र्यावर बसवला असतास तरी मी तो ठेवू दिला नसता. का, ते आत्ता दाखवतो. ताई, आत बस. उजवा दे.

फ्लॅशर परत जागेवर बसवला होता आणि रेझिस्टर जोडलेला होता. दादा डिक्कीकडे गेला. मी आत बसून टिकटिक ऐकत होते. संथ, बरोबर. मिनिटभराने त्याने विचारलं, "काही फरक पडला?" मी म्हटलं, नाही. खाली उतरून मागे गेले. एलईडी दादाच्या तळहातावर होती आणि होल्डर रिकामा होता. मागच्या बाजूला काहीच पेटत नव्हतं, आणि आतला हिरवा बाण मात्र इमानदारीने लुकलुकत होता.

एलईडी गेली तरी रेझिस्टर करंट खातच राहतो, म्हणून फ्लॅशरच्या लेखी दिवा जिवंत असतो. मला या एका प्रयोगाने जे कळलं ते तोवरच्या सगळ्या आकड्यांनी कळलं नव्हतं. पाडव्यापासून जुलैपर्यंत मी ज्या टिकटिकीवर विसंबून गाडी चालवत होते, ती मागच्या दिव्याबद्दल मला काहीही सांगत नव्हती. धुक्यात ती एलईडी विझली असती तर मी पाऊण तास आत हिरवे बाण बघत निश्चिंत उभी राहिले असते आणि मागून येणाऱ्या ट्रकला माझी गाडी दिसलीच नसती.

भाचा : मग फ्लॅशर बदलू. एलईडीसाठीचा वेगळा मिळतो. तो लोड बघतच नाही. त्याची लय आतल्या टायमरवर चालते. उष्णता नाही, जास्तीचा करंट नाही.

मामा : मिळतो की, माझ्याकडेच आहे. रेझिस्टरपेक्षा शंभर पटीनं बरा. गाडीला एलईडीच हवी म्हणून कुणी हटून बसलं तर मी हाच बसवतो. फक्त खाचांचा क्रम बघून घ्यावा लागतो. बी आणि एल कुठल्या जागी आहेत ते प्रत्येक गाडीत सारखं नसतं. उलटा बसला तर आतलं इलेक्ट्रॉनिक्स जळतं. जुन्या गाडीत दोनच खाचा असल्या तर अर्थिंगची वायर वेगळी ओढायची.

त्याने ड्रॉवरमधून तो फ्लॅशर काढून बसवला, रेझिस्टर काढून टाकला. टिकटिक पंधरा सेकंदांत २१, म्हणजे मिनिटाला ८४. मुलाच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. मग दादाने पुन्हा मला आत बसवलं आणि या वेळी पुढचा बल्ब काढला. त्यानंतर मागची एलईडीही काढली. टिकटिक ८४ च. त्या बाजूला फेंडरवरचा एक बारका दिवा सोडून काही उरलं नव्हतं आणि मला आत काही कळलं नाही.

भाचा : हो, हे आहे. तो लोड बघत नाही म्हणजे बल्ब गेलेलाही बघत नाही. पण एलईडी जाते कुठे लवकर? बल्बची तार खड्ड्यांनी तुटते. एलईडीत तुटायला तार नाही.

मामा : चांगली एलईडी जात नाही, मान्य. ट्रकवाले मला तेच सांगतात. त्यांच्या मागच्या दिव्यांना इतके हादरे बसतात की बल्ब टिकत नाही. तिथं एलईडीचे आख्खे दिवे येतात, काचेसकट, रिफ्लेक्टरसकट, तसेच बनवलेले. ते मी डोळे मिटून बसवतो. तुझी ही बल्बच्या आकाराची एलईडी आहे. बल्बच्या घरात भाड्यानं राहायला आलेली. तिच्यातल्या चार चिप विझल्या आणि सहा पेटत राहिल्या तर कुठल्याच फ्लॅशरला पत्ता लागत नाही.

भाचा : पण ती लगेच पेटते. बल्बची तार तापायला साधारण ०.२ सेकंद लागतात. ताशी ६० च्या वेगाने मागून येणारी गाडी तेवढ्या वेळात तीन मीटरच्या वर पुढे येते.

मामा : ब्रेक लाइटला हे सोन्यासारखं आहे. इंडिकेटरला?

भाचा : इंडिकेटरला तेवढं नाही. तो वळणाच्या आधी काही सेकंद द्यायचाच असतो. पण जास्त उजळ तर आहे ना? पुढच्या दोन एलईडी अजून डबीत आहेत. त्या लावून बघा.

बाराचं ऊन होतं. इंडिकेटरची परीक्षा त्याच वेळी व्हायला हवी, रात्री कुठलाही दिवा उजळ दिसतो. दादाने पुढे उजवीकडे एलईडी लावली, डावीकडे बल्ब ठेवला. गाडीच्या तोंडासमोर उभे राहिलो तर एलईडी खरंच झगझगीत. मुलगा जिंकल्यासारखा हसला. मग दादा आम्हाला दोघांना घेऊन हळूहळू बाजूला सरकत गेला. पुढच्या कोपऱ्यापासून फेंडरच्या दिशेने, जिथून शेजारची मोटारसायकल येते तिकडे. एलईडी झपाट्याने मलूल होत गेली. डाव्या बाजूला जाऊन तसंच केलं. बल्ब समोरून तिच्याहून मंद होता, पण बाजूने बघतानाही पिवळा उजेड काचभर भरलेला दिसत होता.

कारण भाच्यानेच सांगितलं आणि छान सांगितलं. रिफ्लेक्टरची वाटी आखताना बल्बची तार नेमकी कुठे असेल हे मिलिमीटरमध्ये धरलेलं असतं. उजेड त्या एका बारीक रेषेतून निघतो आणि वाटी तो सगळीकडे वाटते. एलईडीत उजेड निघतो तो नळकांड्याच्या अंगावर चिकटवलेल्या चिपांमधून आणि टोकावरच्या एका चिपेतून. टोकावरची चिप समोर झगमगते, बाकीच्यांचा उजेड वाटीला वेगळ्याच जागेवरून मिळतो. पुढचा इंडिकेटर बाहेरच्या बाजूला ८० अंशांपर्यंत दिसला पाहिजे, असं त्याच ४८ क्रमांकाच्या नियमात आहे. आमच्या गाडीत तो तिथवर जेमतेम पोहोचत होता. दुसरी गाडी आणि दुसरी एलईडी असली तर वेगळं दिसेल, पण बघायची रीत हीच: भर उन्हात, बाजूला उभं राहून.

रंगाबद्दल एक सांगून ठेवते, कारण त्यात पुष्कळजण फसतात. पिवळ्या काचेमागे पांढरी एलईडी टाकू नये. पांढऱ्या एलईडीच्या उजेडात निळ्याचा वाटा मोठा असतो. पिवळी काच तो अडवते आणि बाहेर फिकट, थकलेला पिवळा येतो. काच पारदर्शक असो की पिवळी, इंडिकेटरला पिवळीच एलईडी लागते. मुलाने ती चूक केली नव्हती.

मी विचारलं, "शेजारच्यांची नवी गाडी आहे. तिच्यात फ्लॅशरच सापडत नाही म्हणतात."

भाचा : नव्या गाड्यांत तो नसतोच. बॉडी कंट्रोल मॉड्यूल नावाचा छोटा संगणक इंडिकेटर चालवतो. टिकटिक ऐकू येते तीसुद्धा स्पीकरमधून. त्यामुळे फ्लॅशर बदलायचा मार्ग बंद. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये सोय असली तर एलईडीची नोंद करता येते, नाहीतर आतच रेझिस्टर भरलेली एलईडी घ्यावी लागते.

मामा : म्हणजे तीच भट्टी, एलईडीच्या बुडाखाली. आणि एलईडीचा खरा वैरी उष्णताच.

भाचा : त्यात आणखी एक गंमत आहे. दिवा बंद असतानाही काही गाड्यांचे संगणक बारीक ठोके पाठवून बल्ब जागेवर आहे का ते तपासतात. तेवढ्याने तार तापत नाही, एलईडी मात्र मिणमिणते. लोकांना वाटतं शॉर्ट आहे.

मामा : नव्या गाडीला हात लावू नका म्हणावं शेजाऱ्यांना. वॉरंटीही जाईल.

दादाला या पोराकडून शिकायला कमीपणा वाटत नाही, हेही लिहायला हवं. मागच्या वर्षी एक मोटारसायकल त्याच्याकडे आली होती. चारी इंडिकेटर एलईडीचे, फ्लॅशरही एलईडीचा, आणि डावा दिला की उजवाही लुकलुकायचा. दादाने वायरिंग दोनदा उलगडलं. डॅशबोर्डवर डाव्या-उजव्यासाठी मिळून एकच बारका बल्ब होता, डाव्या आणि उजव्या वायरीच्या मध्ये बसवलेला. मूळचे बल्ब असताना त्यातून पलीकडे झिरपणारा करंट नगण्य होता. एलईडीला मात्र तेवढा पुरतो. भाच्याने फोनवर सांगितलं की त्या बल्बला दोन डायोड लावून एक टोक अर्थ करा. दहा मिनिटांत काम झालं. दादा अजूनही त्या जातीचे दहा-वीस डायोड डबीत ठेवतो आणि "भाच्याचे डायोड" म्हणूनच मागतो.

म्हणूनच दुपारी जेव्हा मुलाने शेवटचा मुद्दा काढला तेव्हा दादा उठता उठता परत बसला.

भाचा : मामा, रेझिस्टर नको, आंधळा फ्लॅशरही नको. तिसरं काही करता आलं तर? फ्लॅशरमधला तो शंट. त्याचा रोध वाढवला तर कमी करंटलाही त्याच्यावर तेवढंच व्होल्टेज पडेल. मग तो एलईडीचा करंट मोजू शकेल. एलईडी गेली की धावेल.

मामा : हे डोक्यात आलं होतं तर पट्टी कशाला बांधलीस रे?

भाचा : आत्ता आलं.

मामा : मग यातली अडचण सांग.

भाचा : पुढे बल्ब आणि मागे एलईडी असं मिश्रण असेल तर जमणार नाही. अडीच अँपिअरमधून पाव अँपिअर गेला तर तो फरक बॅटरीच्या चढ-उतारातच हरवून जाईल. चारी एलईडी असतील तर एका बाजूला, फेंडरचा बल्ब धरून, ०.९ अँपिअर. त्यातली एक गेली तर ०.६५. रेषा त्या दोघांच्या मध्ये आखावी लागेल. इंजिन बंद असताना १२ व्होल्ट आणि चालू असताना १४, दोन्ही वेळा ती रेषा बरोबर राहायला हवी. उन्हाळ्यात, पावसाळ्यात. शिवाय बल्ब व्होल्टेज वाढलं की जास्त करंट घेतो, काही एलईडींचा ड्रायव्हर उलट कमी घेतो. अवघड आहे, पण अशक्य नाही.

मामा : टेबलावर कर. बॅटरी देतो, फ्लॅशर देतो, चार होल्डर देतो. वर्षभर चालवून दाखव आणि मग तुझ्या आईच्या गाडीत बसव. माझा विरोध एलईडीला नाही. गाडी काहीतरी सांगते आहे आणि तू तिचं तोंड बांधतोस, त्याला आहे.

भाचा : तोवर?

तोवर काय, हे मी ठरवलं. गाडी माझी आहे आणि घाटात उभी मी होते. मागचे दोन्ही पिवळे बल्ब परत बसवायला सांगितले, कंपनीचाच फ्लॅशर, फ्यूज तपासून. वितळलेल्या जुडग्यातल्या तीन वायरींचं आवरण मऊ पडून एकमेकींना चिकटलं होतं. अजून थोडा वेळ गेला असता तर त्या उघड्या पडल्या असत्या. दादाने तेवढा भाग कापून नव्या वायरी जोडल्या. कायद्याच्या बाजूनेही हेच सरळ होतं. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला मर्यादा घालतं, आणि उद्या अपघात झालाच तर त्या चर्चेत माझ्या टेल लॅम्पमागची सोनेरी पट्टी यावी असं मला वाटत नाही.

मुलगा थोडा हिरमुसला. गेले तीन रविवार तो मामाच्या गॅरेजात असतो. टेबलावर चार होल्डर, एक बॅटरी आणि उघडलेला फ्लॅशर आहे. परवा त्याने एक एलईडी काढली आणि फ्लॅशर धावला. दोन व्होल्ट वाढवले तर पुन्हा संथ झाला. काम चालू आहे.

ज्यांनी आधीच एलईडी टाकली आहे त्यांना माझी एवढी विनंती. टेल लॅम्पमागे हात घालून बघा. सोनेरी पट्टी प्लास्टिकला किंवा वायरींना टेकलेली असेल तर आजच वायरमनला दाखवा. एलईडीचा फ्लॅशर बसवला असेल तर आठवड्यातून एकदा चारी इंडिकेटर लावून गाडीभोवती एक फेरी मारा, कारण आता तुमच्याखेरीज ते बघणारं कुणी नाही. आणि मूळच्या बल्बांवर चालणारी टिकटिक एखाद्या दिवशी अचानक धावायला लागली, तर पंधरा सेकंद मोजा आणि चारने गुणा. १२० च्या पुढे गेली की खाली उतरा. कुठला तरी एक कोपरा अंधारात असेल.